रुथेनियम जागेवर ठेवायचा कसा: सीओ सोसणाऱ्या अ‍ॅनोड उत्प्रेरकाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

मिथेनॉल रिफॉर्मरच्या (मिथेनॉलपासून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्राच्या) हायड्रोजनवर चालणाऱ्या पीईएम इंधन सेलसाठी (ज्यात पातळ मेम्ब्रेनमधून प्रोटॉन जातात) हायड्रोजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड, म्हणजे अ‍ॅनोड तयार करायचा आहे. रिफॉर्मरनंतर शुद्धीकरण केलं तरी वायूत १० ते १०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) कार्बन मोनॉक्साइड (सीओ) उरतो असं धरून चाललो आहोत. इलेक्ट्रोलायझरच्या हायड्रोजनसाठी हा खटाटोप करू नये. त्यात सीओ नसतोच, तिथं साधा प्लॅटिनम-कार्बन पुरतो. वाहनांच्या हायड्रोजनचं आयएसओ १४६८७ हे मानक सीओला ०.२ पीपीएम आणि एकूण गंधकाला ०.००४ पीपीएम इतकीच मुभा देतं. आपला वायू त्या पंगतीत बसणारा नाही.

८० °से. ला सीओ प्लॅटिनमवर ठाण मांडतो आणि हायड्रोजनला बसायला जागा उरत नाही. रुथेनियम पाण्यातला ओएच प्लॅटिनमपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजला धरतो आणि शेजारच्या सीओला देतो. मग तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. वातानाबे आणि मोटू यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही द्विकार्यी यंत्रणा आजही आधाराला आहे. अडचण अशी की ०.९ व्होल्टच्या वर हाच रुथेनियम आधी विरघळतो, मेम्ब्रेन ओलांडतो आणि कॅथोडवर, म्हणजे हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, जाऊन बसतो.

त्यामुळे वहीसाठी एक नियम: प्रत्येक बॅचची सीओ-सहनशक्ती दोनदा मोजायची, ताजी असताना आणि झिजवल्यानंतर. नुसता पहिल्या दिवसाचा आकडा तक्त्यात चढवायचा नाही.

१२ जून

पॉलिऑल पद्धत, म्हणजे गरम ग्लायकॉलमध्ये क्षारांचं क्षपण करून धातूचे बारीक कण काढायचे. लक्ष्य १ ग्रॅम उत्प्रेरक, ३०% धातू, प्लॅटिनम आणि रुथेनियम अणुसंख्येनं १:१. म्हणजे प्लॅटिनम १९७.६ मिग्रॅ, रुथेनियम १०२.४ मिग्रॅ, व्हल्कन एक्ससी-७२आर कार्बन ७०० मिग्रॅ.

क्लोरोप्लॅटिनिक आम्ल, सहा पाण्यांचं: ५२५ मिग्रॅ. रुथेनियम क्लोराइडच्या बाटलीवरच्या प्रमाणपत्रात धातू ४०% आहे, म्हणून २५६ मिग्रॅ. रेणुभार धरून वजन काढू नये, कारण त्यातलं पाणी दर बाटलीला वेगळं असतं. जूनच्या दमट हवेत ही पूड वजनकाट्यावरच पाणी ओढते. आकडा स्थिर होण्याची वाट बघत बसलो तर तो चढतच राहतो. पुढच्या वेळेपासून दोन्ही क्षारांचे साठा-द्रावण करून ठेवायचे, आयसीपीवर (द्रावणातला धातू मोजणाऱ्या उपकरणावर) धातू मोजायचा आणि पिपेटनं घ्यायचं.

क्लोरोप्लॅटिनेटची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या प्रमाणालाही दम लागतो. वजन फ्यूमहूडमध्ये, दोन हातमोजे चढवून.

एथिलीन ग्लायकॉल २०० मिली, सोडियम हायड्रॉक्साइड ०.४ ग्रॅम, नायट्रोजनखाली १६० °से., ३ तास.

१३ जून

बॅच १ बाद. काल अडीच तासांनी फ्लास्कच्या काचेवर आरशासारखा थर चढला आणि तळाशी काळा गाळ बसला.

चूक अल्कलीच्या हिशोबात होती. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाच्या एका मोलचं क्षपण होताना सहा मोल आम्ल सुटतं, रुथेनियम क्लोराइडच्या एका मोलला तीन. आपल्याकडे दोन्ही साधारण १.०१ मिलिमोल, म्हणजे ९.१ मिलिमोल झाले. ग्लायकॉलचं ग्लायकॉलिक आम्ल होतं त्याचे वर १.८. एकूण जवळपास ११ मिलिमोल आम्ल, आणि घातलेला सोडा १० मिलिमोल. शेवटाला द्रावण आम्लधर्मी झालं. लहान कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो ग्लायकॉलेट आयन, आणि तो आम्लात टिकत नाही. कण एकमेकांना चिकटले.

१८ जून

बॅच २. सोडा ०.८ ग्रॅम, म्हणजे २० मिलिमोल. बाकी सगळं तेच. रंग पिवळ्यातून तपकिरी, मग काळा. काचेवर थर नाही.

थंड झाल्यावर हे कलिल १०० मिली पाण्यात अल्ट्रासॉनिकनं फेटलेल्या कार्बनमध्ये ओतलं. मग १ मोलर सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबानं, पीएच २ येईपर्यंत, आणि रात्रभर ढवळत ठेवलं. पहिल्या बॅचला जे नको होतं तेच इथं मुद्दाम करायचं असतं. ग्लायकॉलेटची पकड सोडवली की कण कार्बनवर बसतात. आम्ल एकदम ओतलं तर कार्बनपर्यंत पोचायच्या आधीच गुठळ्या होतात. आम्ल घालायला ४० मिनिटं लागली, तेवढी लागू द्यावीत.

गाळण पाण्यासारखं स्वच्छ आलं. गाळण तपकिरी दिसलं तर धातू कार्बनवर बसलेला नाही असं समजून ते पुन्हा ढवळायला ठेवायचं, फेकायचं नाही.

८० °से. च्या गरम पाण्यानं धुणं, सिल्व्हर नायट्रेटला दुधी रंग येणं थांबेपर्यंत. नऊ वेळा धुवावं लागलं. इथं कंटाळा करू नये, क्लोराइड स्वतःच प्लॅटिनमला चिकटणारं विष आहे आणि धातू विरघळायलाही मदत करतं.

२४ जून

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन), तांब्याचा के-अल्फा किरण. शुद्ध प्लॅटिनमचं १११ शिखर ३९.८° ला असतं, आपलं ४०.१५° ला. त्यावरून जालक-अंतर ३.८८७ अँगस्ट्रॉम आणि वेगार्डच्या नियमानं (जालक-अंतर मिश्रणाच्या प्रमाणात बदलतं) मिश्रधातूत रुथेनियम फक्त २३%. एकूण मूलद्रव्यं मोजणारा ईडीएक्स मात्र ४९% सांगतो. दोन्ही बरोबर आहेत. उरलेला रुथेनियम मिश्रधातूत गेलाच नाही, तो ऑक्साइडच्या रूपात कणांच्या आजूबाजूला आहे आणि स्फटिकी नसल्यानं एक्सआरडीला दिसत नाही.

ईडीएक्सवर १:१ आलं की काम झालं असं समजणं ही या क्षेत्रातली सर्रास चूक. नेमका हाच मोकळा रुथेनियम पहिल्या काही तासांत पळतो.

कणांचा आकार २२० शिखराच्या रुंदीवरून २.५ नॅनोमीटर. १११ वरून काढू नये, त्याच्या पायथ्याशी कार्बनचा फुगवटा आणि २०० शिखर दोन्ही घुसतात.

२८ जून

अर्धी बॅच ट्यूब भट्टीत: आर्गॉनमध्ये ५% हायड्रोजन, मिनिटाला ५ °से. नं ३०० °से., तिथं २ तास. नाव २-उ. उरलेली कच्ची २-क.

भट्टीतून काढताना घाई नको. पूर्ण थंड होऊ द्यायचं, नायट्रोजन अर्धा तास, मग नायट्रोजनमध्ये १% ऑक्सिजन एक तास, आणि मगच हवा. थेट हवेत काढलेली पूड भट्टीच्या भांड्यातच पेटून लाल होते, आणि सिंटर झालेली (तापून कण जुळलेली) पूड परत २.५ नॅनोमीटर होत नाही.

तापवल्यावर १११ शिखर ४०.४° ला, जालक ३.८६४, रुथेनियम ४२%. कण ३.४ नॅनोमीटर. पृष्ठफळ गमावलं आणि मिश्रधातू कमावला. हा सौदा पटतो की नाही ते झीज-चाचणी सांगेल.

कुपीच्या झाकणावर लिहून ठेवलं आहे ते इथंही: इंक करताना आधी पाणी, पूड पूर्ण भिजली की मगच आयसोप्रोपेनॉल. आज घाईत क्रम उलटा झाला. कुपीच्या तळाशी ठिणगी दिसली आणि वाफेनं पेट घेतला. ५ मिग्रॅ पूड होती म्हणून ओल्या फडक्यावर निभावलं.

४ जुलै

फिरत्या तबकडीवर मोजमाप. तबकडी ५ मिमी व्यासाची, ०.१९६ चौ.सेंमी. इंक: ५ मिग्रॅ उत्प्रेरक, ४ मिली पाणी, ०.९८ मिली आयसोप्रोपेनॉल, ५% नॅफियॉन (प्रोटॉन वाहणारं पॉलिमर) द्रावण २० मायक्रोलिटर. बर्फाच्या पाण्यात २० मिनिटं अल्ट्रासॉनिक. बर्फ नसेल तर पाणी तापतं आणि इंकच्या गुठळ्या होतात. तबकडीवर १० मायक्रोलिटर, म्हणजे चौ.सेंमीला १० मायक्रोग्रॅम प्लॅटिनम. कडेला कॉफीच्या डागासारखी रिंग आली तर पुसून परत. तबकडी मिनिटाला ७०० फेऱ्यांवर फिरवत वाळवली की रिंग येत नाही.

द्रावण ०.१ मोलर परक्लोरिक आम्ल. संदर्भाला उलटणीय हायड्रोजन इलेक्ट्रोड. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड या सेलमध्ये बुडवायचा नाही, त्यातून क्लोराइड झिरपतं.

२-क ची पहिली तबकडी वाया गेली. प्लॅटिनम-कार्बनसाठीची नेहमीची पद्धत तशीच चालवली: ०.०५ ते १.२ व्होल्ट, ५० आवर्तनं, 'पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी'. प्लॅटिनमचा पृष्ठभाग त्यानं स्वच्छ होतो, रुथेनियम मात्र धुऊन निघतो. चाचणी सुरू होण्याआधीच आपण नमुना झिजवून ठेवला होता. नवीन तबकडीला ०.०५ ते ०.८ च्या मध्ये २० आवर्तनं, आणि कुठल्याही टप्प्यावर ०.९ च्या वर नाही.

सीओ-स्ट्रिपिंग, म्हणजे पृष्ठभागावर सीओ बसवून तो किती व्होल्टला जळून जातो ते बघणं: ०.१ व्होल्टवर धरून सीओ १० मिनिटं, त्याच व्होल्टवर आर्गॉन ३० मिनिटं, मग सेकंदाला २० मिलिव्होल्टनं वर. शिखरं:

व्यापारी प्लॅटिनम-कार्बन: ०.७८ व्होल्ट
२-क: ०.५६
२-उ: ०.५३

२-क चा सीओ-प्रभार ९३० मायक्रोकूलोम. चौ.सेंमीला ४२० धरून २.२१ चौ.सेंमी, म्हणजे ग्रॅम धातूमागे ७४ चौ.मी. पृष्ठफळ हायड्रोजनच्या शिखरांवरून काढायला जाऊ नये. रुथेनियम असला की ती शिखरं ऑक्साइडच्या मोठ्या द्विस्तर-प्रवाहात बुडून जातात आणि बेसलाइन कुठं काढायची ते ज्याच्या त्याच्या मनावर राहतं.

११ जुलै

सेल २ साठी मेम्ब्रेनवर फवारणी. नॅफियॉन २१२, जाडी ५१ मायक्रॉन, ८० °से. च्या निर्वात तव्यावर. क्षेत्रफळ २५ चौ.सेंमी.

अ‍ॅनोडवर चौ.सेंमीला ०.२ मिग्रॅ प्लॅटिनम हवं. २-उ मध्ये प्लॅटिनम १९.८%, म्हणून मेम्ब्रेनवर २५.३ मिग्रॅ पूड बसायला हवी. एअरब्रशनं उडवलेल्यातलं ६०% च्या आसपास मेम्ब्रेनवर बसतं, बाकी मास्कवर आणि हवेत. म्हणून इंकमध्ये ४२ मिग्रॅ. आयोनोमर (इथं नॅफियॉन) आणि कार्बनचं गुणोत्तर ०.७, म्हणजे ५% द्रावण ४१३ मिग्रॅ.

किती बसलं ते मेम्ब्रेनच्या वजनावरून कळत नाही. पावसाळ्यात मेम्ब्रेन तव्यावरून काट्यापर्यंत नेईस्तोवर दोन-तीन मिलिग्रॅम पाणी पिते. कॅप्टन या प्लास्टिक फिल्मची १ चौ.सेंमी चकती शेजारी चिकटवून तिच्यावरही फवारलं आणि तिचं वजन घेतलं: आयोनोमर वजा जाता पूड १.०४ मिग्रॅ, हवी होती १.०१.

कॅथोडवर व्यापारी प्लॅटिनम-कार्बन, ०.४ मिग्रॅ. गॅस डिफ्यूजन थर (वायू पसरवणारा कार्बन-तंतूंचा कागद) २३५ मायक्रॉनचा, गास्केट १८० मायक्रॉन, त्यामुळे साधारण २३% दाब येतो. गास्केट जाड पडली तर संपर्करोध वाढतो, पातळ पडली तर तंतू मेम्ब्रेनमध्ये घुसतात.

सेल १ तसाच, फक्त अ‍ॅनोडवर साधा प्लॅटिनम-कार्बन. तुलनेसाठी.

२२ जुलै

दोन्ही सेल ८० °से., पूर्ण आर्द्रता, वातावरणीय दाब. ०.६ अँपिअर प्रति चौ.सेंमी म्हणजे १५ अँपिअर. त्याला हायड्रोजन मिनिटाला १०४.५ मिली लागतो, दीडपट देतो म्हणून १५७. हवा दुप्पट, ४९९ मिली.

सीओचं मिश्रण अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्येच मागवलं आहे. साध्या पोलादी सिलिंडरमध्ये सीओ लोखंडाशी मिळून आयर्न कार्बोनिल तयार करतो आणि ते लोखंड मेम्ब्रेनला खातं. सीओचा अलार्म स्टेशनशेजारी डोक्याच्या उंचीवर, एक्झॉस्ट फ्यूमहूडमध्ये.

आज १० पीपीएम वीस मिनिटं दिला, सेल १ मध्ये जेमतेम ८ मिलिव्होल्टची घट. 'साधा प्लॅटिनमसुद्धा सोसतोय' असं म्हणण्याआधी हिशोब करायला हवा होता. अ‍ॅनोडवर ५ मिग्रॅ प्लॅटिनम, ग्रॅमला ६० चौ.मी. धरलं तर ३००० चौ.सेंमी. पूर्ण झाकायला साधारण ६.५ मायक्रोमोल सीओ. १५७ मिली वायूतून १० पीपीएमनं मिनिटाला ०.०७ मायक्रोमोल येतो. आलेला प्रत्येक रेणू चिकटला तरी पृष्ठभाग भरायला ९३ मिनिटं. वीस मिनिटांत आपण निकाल लागायच्या आधीच उठलो. १० पीपीएमची चाचणी ४ तासांच्या आत थांबवायची नाही.

२५ जुलै

चार-चार तासांचे आकडे, ०.६ अँपिअर प्रति चौ.सेंमीला:

सेल १: शुद्ध हायड्रोजन ०.६४८ व्होल्ट, १० पीपीएमला ०.४९१. १०० पीपीएमला पाऊण तासात ०.३ च्या खाली, बंद केला.
सेल २: शुद्ध ०.६४१, १० पीपीएमला ०.६२४, १०० पीपीएमला ०.५१२.

सेल २ चं तापमान ६० °से. वर आणल्यावर १०० पीपीएममध्ये व्होल्टेज स्वतःहून वर-खाली हेलकावायला लागलं. उपकरणाचा दोष नाही. प्रवाह ठरावीक ठेवला की सीओ साचतो, अ‍ॅनोडचा पोटेन्शियल चढतो, रुथेनियमवर ओएच येतो, सीओ एका झटक्यात जळतो, पोटेन्शियल उतरतो आणि पुन्हा साचायला सुरुवात. ८० ला हे थांबतं.

१ ऑगस्ट

सेल १ शुद्ध हायड्रोजनवरही घसरतोय. चार दिवसांत ०.६४८ वरून ०.६०५. सीओ असता तर ताज्या हायड्रोजनवर काही तासांत सावरला असता. हा सावरत नाही.

सिलिंडर बदलला, फरक नाही. ह्युमिडिफायरचं पाणी बदललं, फरक नाही. सेल २ चा घसारा निम्माच, आणि त्याची लाइन पूर्ण पीटीएफईची (टेफ्लॉनची). सेल १ ला ह्युमिडिफायरनंतर हातभर काळी रबरी नळी आहे, गेल्या महिन्यात तात्पुरती लावलेली. ती गंधकानं व्हल्कनाइझ केलेली निघाली, आणि ८० °से. ची वाफ तिच्यातून रात्रंदिवस जाते. कुंपणच शेत खात होतं.

नळी काढली. स्टेशनवरच्या सगळ्या ओ-रिंगा तपासून गंधकविरहित, पेरॉक्साइडनं पक्क्या केलेल्या किंवा व्हायटॉनच्या बसवल्या. सेल १ चा अ‍ॅनोड नायट्रोजनखाली १.२ व्होल्टपर्यंत दहा वेळा फिरवला, गंधक सल्फेट होऊन गेलं, ०.६३९ वर परत आला. साध्या प्लॅटिनमला हे औषध चालतं. रुथेनियमच्या सेलला चालत नाही. स्टेशनवर लाल पट्टी लावली आहे.

१४ ऑगस्ट

एअर ब्लीड: इंधनात थोडी हवा सोडून सीओ अ‍ॅनोडवरच जाळायचा. गॉटेसफेल्ड आणि पॅफर्ड यांनी १९८८ मध्ये दाखवलेली युक्ती. सेल २, १०० पीपीएम, २% हवा: ०.५१२ वरून ०.६२१.

आकडा देखणा आहे, किंमत बघा. २% हवा म्हणजे मिनिटाला ३.१ मिली, त्यात ऑक्सिजन ०.६६. १०० पीपीएम सीओला पूर्ण जाळायला लागतो फक्त ०.००८ मिली. म्हणजे ऐंशीपट. उरलेला सगळा ऑक्सिजन हायड्रोजनशीच जळतो, उष्णता होते आणि थोडा हायड्रोजन पेरॉक्साइडही. तो मेम्ब्रेनच्या साखळ्या तोडतो. कमी हवा दिली तर प्रवेशाजवळच संपते आणि टोकाचा भाग विषारीच राहतो. सतत ब्लीड ठेवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. ०.५% हवा, दर दहा मिनिटांनी अर्धं मिनिट, इतकंच पुढे वापरू.

२९ ऑगस्ट

दुपारी ३.१० ला वीज गेली. सेलमधून प्रवाह ओढणारा इलेक्ट्रॉनिक लोड यूपीएसवर, वायू मोजून सोडणारे मास फ्लो कंट्रोलर मात्र नव्हते. वीज गेली की ते बंद स्थितीत जातात. हायड्रोजन थांबला, लोड १५ अँपिअर ओढत राहिला. आपल्या लोडला मालिकेत बूस्ट पुरवठा आहे, म्हणून तो शून्याच्या खालीही ओढू शकतो. सेल २ उणे ०.८ व्होल्टवर ४० सेकंद होता.

अ‍ॅनोडवर हायड्रोजन नसेल तर प्रवाह भागवायला पाणी फुटतं, कार्बन जळतो आणि अ‍ॅनोडचा पोटेन्शियल १.४ च्या वर जातो. रुथेनियमसाठी ०.९ सुद्धा जास्त होतं.

बदल: लोड, कंट्रोलर आणि नायट्रोजनचा व्हॉल्व्ह एकाच यूपीएसवर. व्होल्टेज ०.३ च्या खाली गेलं की लोड रिलेनं तुटतो, सॉफ्टवेअरवर भिस्त नाही. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर उघडा राहणारा.

३ सप्टेंबर

सेल २ चं शवविच्छेदन, सेल न उघडता. शुद्ध हायड्रोजनवर ०.६४१ ऐवजी ०.५८८. १०० पीपीएमला ०.३९.

रुथेनियम कॅथोडवर गेला का, हे बघायला कॅथोडचंच सीओ-स्ट्रिपिंग केलं. ३० °से., अ‍ॅनोडवर हायड्रोजन, कॅथोडवर नायट्रोजन. ताज्या सेलमध्ये शिखर ०.७७ ला होतं. आता ०.७० ला, आणि डावीकडे ०.६२ च्या आसपास खांदा. कॅथोडवर रुथेनियम कुणी घातलेला नव्हता. म्हणजे तो मेम्ब्रेनमधून आला, आणि प्लॅटिनमवर बसून ऑक्सिजनचं क्षपण मंदावतोय. शुद्ध हायड्रोजनवरची घट त्यामुळेच.

ही चाचणी अर्ध्या दिवसात होते आणि सेल जिवंत राहतो. यापुढे दर २०० तासांनी.

अ‍ॅनोडमध्ये थोडा इरिडियम ऑक्साइड मिसळला तर असा उलटा प्रसंग आल्यावर कार्बनऐवजी पाणी फुटतं. पुढच्या टप्प्यात बघू. आत्ताच घातला तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

६ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीसाठी बंद करण्याचा क्रम: लोड काढणे, सेल ४० °से. च्या खाली, अ‍ॅनोड नायट्रोजननं १५ मिनिटं, मग दोन्ही बाजू नायट्रोजनवर बंद. अ‍ॅनोडमध्ये हवा शिरलेली असताना थेट हायड्रोजन सोडू नये. हायड्रोजन-हवेची सीमा पुढे सरकते तेव्हा समोरचा कॅथोड क्षणभर १.५ व्होल्टच्या घरात जातो आणि कार्बन झिजतो.

१९ सप्टेंबर

मोकळा रुथेनियम पळणारच असेल तर सेलमध्ये जाण्याआधीच त्याला बाहेर काढू. २-उ मधली उरलेली पूड ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात, ८० °से., १६ तास, नायट्रोजनखाली. गाळण फिकट पिवळसर. आयसीपीनुसार एकूण रुथेनियमपैकी २१% गेला, प्लॅटिनम नगण्य. एक्सआरडीवरून मोकळा रुथेनियम २८% निघतो, म्हणजे बराचसा निघाला, थोडा अजून आहे. शिखर ४०.४° ला जसंच्या तसं.

नवं नाव २-धु. प्लॅटिनम-रुथेनियम आता १:०.७९ आणि पुडीत प्लॅटिनम २०.२%. लोडिंगचा हिशोब नव्यानं करायचा, जुना १९.८ चा आकडा वापरू नये. सल्फेट जाईपर्यंत धुणं, बेरियम क्लोराइडनं तपासून.

४ ऑक्टोबर

झीज-चाचणी तबकडीवर: ०.१ ते १.० व्होल्ट, सेकंदाला १०० मिलिव्होल्ट, ५००० आवर्तनं. एका आवर्तनाला १८ सेकंद, एकूण २५ तास. दर १००० ला द्रावण बदललं, नाहीतर विरघळलेला धातू परत बसतो आणि आकडे फसवे येतात.

सीओ-शिखर, आधी आणि नंतर:

२-क: ०.५६ वरून ०.६८
२-उ: ०.५३ वरून ०.६१
२-धु: ०.५४ वरून ०.५७

ताज्या आकड्यांवर तिघांत निवड करणं कठीण होतं. २-क कडे पृष्ठफळही सगळ्यात जास्त होतं. झिजल्यावर तो जवळपास साध्या प्लॅटिनमच्या वाटेला लागला.

९ ऑक्टोबर

गंधकाचा प्रश्न मिटवून टाकू. २-धु च्या सुट्या सेलला १ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड, ४ तास, सगळी लाइन पीटीएफई. पोलादी नळी गंधक स्वतःवर धरते आणि सेलला किती पोचलं ते कळत नाही. ०.६३८ वरून ०.४४. शुद्ध हायड्रोजनवर २४ तासांनी ०.४७. रुथेनियमनं इथं काहीच मदत केली नाही. त्याचा ओएच सीओला पुरतो, प्लॅटिनमला चिकटलेल्या गंधकाला नाही.

१.२ व्होल्टपर्यंत फिरवून व्होल्टेज ०.६१ ला आलं. मग १०० पीपीएम सीओ दिला: ०.४०. गंधक गेलं आणि जाताना रुथेनियमलाही घेऊन गेलं. म्हणून या अ‍ॅनोडला गंधकासाठी उत्प्रेरकात उपाय शोधायचा नाही, तो वायूच्या वाटेवर हवा. मिथेनॉलमध्ये गंधक जवळजवळ नसतं. पण कुणी हाच अ‍ॅनोड एलपीजी किंवा पाइपच्या गॅसच्या रिफॉर्मरला लावणार असेल, तर वासासाठी घातलेलं मर्कॅप्टन आधी काढायला हवं: रिफॉर्मरच्या आधी झिंक ऑक्साइडचा बेड ३५० °से. च्या आसपास, किंवा थंडच हवा असेल तर झिओलाइट. बेडच्या दोन-तृतीयांश उंचीवर नमुना काढायची तोटी ठेवावी. बाहेरच्या टोकाला गंधक दिसेपर्यंत थांबलं तर अ‍ॅनोड गेलेला असतो.

१६ ऑक्टोबर

सेल ३, अ‍ॅनोड २-धु, रिफॉर्मरसारख्या मिश्रणावर: हायड्रोजन ७५%, कार्बन डायऑक्साइड २५%, सीओ ५० पीपीएम. पहिले २०० तास पूर्ण. ०.५९८ वरून ०.५९१. कॅथोडचं शिखर ०.७७ वरून ०.७६, खांदा नाही. हायड्रोजन क्रॉसओव्हर (मेम्ब्रेनमधून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन) २.१ वरून २.२ मिलिअँपिअर प्रति चौ.सेंमी.

सीओ ५० देत असलो तरी अ‍ॅनोडला दिसतो त्याहून जास्त, कारण प्लॅटिनमवर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन मिळून थोडा सीओ जागेवरच तयार होतो. तुलना करताना शुद्ध हायड्रोजनमधल्या ५० पीपीएमशी हे आकडे जोडू नयेत.

रात्रपाळीसाठी: ब्लीड ०.५%, दर दहा मिनिटांनी ३० सेकंद, टाइमरवर आहे, हातानं छेडू नका. व्होल्टेज ०.५५ च्या खाली गेलं तर आधी ह्युमिडिफायरची पाण्याची पातळी बघा, मग ब्लीडचा व्हॉल्व्ह, मग सिलिंडरचा दाब. १.२ व्होल्टचं आवर्तन कुठल्याही कारणासाठी चालवायचं नाही. पुढचं कॅथोड स्ट्रिपिंग ४०० तासांना, २४ तारखेला सकाळी.